खाजणवाडीच्या मैदानाखालची बंद उघाडी

प्रति,
मा. ग्रामपंचायत अधिकारी,
ग्रामपंचायत आडभाट,
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग.

विषय : खाजणवाडी फुटबॉल मैदानाच्या बांधावर प्रेक्षकांचा स्टँड उभारू न देण्याबाबत व बांधातील उघाडी खुली करण्याबाबत.

संदर्भ : याच विषयावरील माझे यापूर्वीचे अर्ज व आपले एक उत्तर.

महोदय,

१. मैदानाच्या बांधाच्या तळाशी, खाडीच्या बाजूला, करंगळीएवढ्या जाडीचा एक झरा आहे. तो ओहोटीला वाहतो आणि भरतीत बुडतो. दिवाळीपर्यंत त्याचे पाणी नितळ होते. आता ते काचेच्या ग्लासात धरून ठेवले की थोड्या वेळाने तळाशी तांबडा गाळ बसतो. खाडीचा चिखल काळा आहे. तांबडी माती खाडीच्या या काठावर एकाच ठिकाणी सापडते, ती म्हणजे मैदानात. तिथे ती माणसांनी बाहेरून आणून टाकलेली आहे. म्हणजे या झऱ्यातून बाहेर येत आहे ते आमचे मैदान आहे.

२. मी भूशास्त्राची पदवीधर असून गावच्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. बांधातून नितळ पाणी पाझरत असेल तर फार चिंता नसते. गढूळ पाणी आले की आतून माती सुटू लागली असे समजावे. पोकळी आत वाढत असते आणि वरून काही दिसत नाही. मैदानावरचे गवत आजही हिरवेगार आहे. मला त्याचीच भीती वाटते.

३. या मैदानाचा पूर्वेतिहास आपणास ठाऊक असण्याचे कारण नाही, कारण आपली बदली इथे अलीकडेच झाली आहे. पूर्वी आमच्या वाडीतले लोक खाडीच्या रेतीवर ओहोटीत खेळत. माझे वडील कै. दत्ताराम धुरी गोलकीपर होते. ते सांगत, पाणी घोट्याला लागले की सामना संपला, मग गोल कितीही झालेले असोत. मुंबईच्या गोदीतून कोणीतरी आणलेला कातडी चेंडू खारे पाणी पिऊन इतका जड होई की डोक्याने मारणारा दोन दिवस मान वळवत नसे. अर्धवट सामन्यांना कंटाळून सगळ्यांनी ठरवले की बांधाआतले खाजण, म्हणजे खाडीलगतची खारट सखल जमीन, जिथे भात नीट होत नव्हते, ते भरून काढायचे. चिरेखाणीतली माती होड्यांतून आली. बायकांनी ती पाट्यांनी वाहिली. खाजणवाडी स्पोर्ट्स क्लब त्या मातीवर उभा राहिला.

४. बांधात एक उघाडी आहे, म्हणजे झडपेचा लाकडी दरवाजा. ओहोटीत तो आतले पाणी खाडीत सोडतो आणि भरतीत मिटून खारे पाणी बाहेर थोपवतो. तो उघडण्याचा मान पारकरांच्या घराकडे आहे. दुसऱ्या कोणी त्याला हात लावायचा नाही, असा वाडीचा रिवाज आहे आणि हिंदू-मुसलमान दोघेही तो पाळतात. पहिल्या स्पर्धेच्या वेळी झडप गळून मैदान ओले होऊ लागले. तेव्हा क्लबचे तरुण कॅप्टन श्री. युसूफ पारकर यांनी चिकणमाती आणि नारळाची सोडणे ठासून ती बंद केली. सामना जिंकला. दुसऱ्या दिवशी उघाडी मोकळी करायची होती, पण लोक म्हणाले, "पाणी अडवला म्हणान कप इलो. आता हात लावू नको." पुढे तिच्यावर सिमेंट चढले. पूर्वी उघाडी उघडताना नारळ फोडत. आता दर स्पर्धेआधी ती बंद आहे म्हणून नारळ फोडतात.

५. आतल्या पाण्याला दरवाजा राहिला नाही, म्हणून ते बांधाखालून वाट काढते. भरतीला आत शिरते आणि ओहोटीला माती घेऊन बाहेर पडते. मागच्या महिन्यापासून दक्षिणेकडच्या गोलखांबाजवळ कुर्ल्यांची, म्हणजे खेकड्यांची, बिळे दिसू लागली आहेत. त्यांतले पाणी भरती-ओहोटीबरोबर वर-खाली होते. मुले त्यांत काड्या घालून बघतात. काडी वर येत नाही.

६. माझ्या अर्जांना आपल्या कार्यालयाने दिलेले उत्तर असे : "सदर उघाडी अभिलेखात आढळून येत नसल्याने ती बंद आहे अथवा कसे, याबाबत अभिप्राय देता येत नाही. तथापि ती खुली करावयाची झाल्यास मानकरी पारकर कुटुंबाची संमती जोडावी." जी वस्तू अस्तित्वात नाही तिच्या मानकऱ्याची संमती मी आणावी, असा याचा अर्थ होतो. तरीही मी गेले. युसूफचाचा अंगणात जाळे सांधत होते. माझे सगळे ऐकून घेऊन म्हणाले, "बघया गो बाय." त्यानंतर जितक्या वेळा गेले तितक्या वेळा हेच उत्तर मिळाले. त्यांचा माझ्यावर अविश्वास नाही. उघाडी उघडली तर गळक्या झडपेतून भरतीचे पाणी मैदानात येऊन उभे राहील आणि कदाचित पुन्हा तिथे फुटबॉल होणार नाही, हे मीच त्यांना सांगितले आहे. ज्या मातीवर त्यांचे सगळे सोबती खेळले ती घालवणारा शब्द त्यांच्या तोंडून निघत नाही.

७. क्लबच्या सभेतही मी हा विषय काढला. चिटणीस श्री. विनीत म्हणाले, "बाई, तुमची खुर्ची बांधारच ठेवतंव, पयल्या रांगेत. बसल्याजागी तपासा काय ता." सगळे हसले. मीही हसले असते, पण ती खुर्ची ज्या स्टँडवर असेल त्याचे लोखंडी पाइप त्या झऱ्याच्या बरोबर वर रोवलेले मी येताना पाहिले होते.

८. क्लबच्या यंदाच्या स्पर्धेचा अंतिम सामना रविवार, १ फेब्रुवारी रोजी संध्याकाळी आहे. त्या दिवशी माघ पौर्णिमा, म्हणजे उधाण. दुपारी पाणी सर्वांत वर चढेल आणि सामना रंगात येईल तेव्हा सर्वांत खाली उतरेल. त्याच वेळी पंचक्रोशीतली माणसे, बायकामुलांसह, बांधावर उभी राहतील आणि गोल झाला की उड्या मारतील. बांध त्या दिवशी जाईलच असे मी म्हणत नाही. तो जाणार नाही असे म्हणण्यासारखे माझ्या हाती काहीही उरलेले नाही, एवढेच म्हणते.

९. तरी विनंती की, (अ) बांधावरचा स्टँड त्वरित काढण्याचे आदेश व्हावेत. (आ) अंतिम सामना शाळेच्या पटांगणावर घेण्यास क्लबला कळवावे. (इ) मानकऱ्यांच्या संमतीची वाट न पाहता उघाडी मोकळी करावी. रिवाज मोडल्याचा दोष कोणावर तरी यायचाच असेल, तर तो माझ्या नावावर लिहावा. त्यासाठी खाली सही करत आहे.

आपली नम्र, याच बांधाखाली राहणारी,
(सही)
सुगंधा दत्ताराम धुरी
खाजणवाडी, आडभाट
दिनांक : २४ जानेवारी २०२६

सोबत : बांध व स्टँडची छायाचित्रे, यापूर्वीच्या अर्जांच्या पोचा.

ता. क. : हा अर्ज देण्यासाठी निघाले तेव्हा मैदानावर सराव चालू होता. युसूफचाचा काठी टेकत एकटेच आले होते. ते कित्येक वर्षांत मैदानाच्या आत उतरले नव्हते. दक्षिणेच्या गोलापाशी जाऊन त्यांनी काठी मातीत रोवली आणि तिच्यावर थोडा भार दिला. काठी मुठीपर्यंत आत गेली. त्यांनी ती बाहेर ओढली नाही. विनीत धावत येऊन म्हणाले, "चाचा, पिचार कित्याक खड्डो करतास?" चाचांनी त्यांच्याकडे पाहिले नाही. बांधावर पाइप आवळणाऱ्या माणसांना हाताने खाली बोलावले. सगळे खाली उतरेपर्यंत थांबले. मग साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "उघडा रे उघाडी. खाजण खाडयेचा, खाडयेक जावंदे."