देवाला सांगून मला ऐकवलेलं

पप्पा, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत मी तुमच्यावर एकदाही धड चिडले नाही. दर वर्षी कबरीवर फुलं ठेवली, चर्चच्या मंडळीत कुणी तुमच्या प्रार्थनांची आठवण काढली की मान खाली घालून हसले. आज दुपारचं जेवण उरकून करंजाड्याच्या या फ्लॅटमध्ये टेबलाशी बसले आहे आणि पहिल्यांदाच सांगते, तुमच्या प्रार्थनांची मला किळस येते. देवाची नाही. शुक्रवारच्या उपासाची, शास्त्रपाठाची, पहाटे पाचला उठायच्या सवयीचीही नाही. ते सगळं मी अजून करते आणि मन लावून करते. किळस येते ती संध्याकाळच्या त्या अर्ध्या तासाची. डोळे मिटून तुम्ही देवाशी बोलायचात आणि ऐकायचं मात्र आम्ही.

गावातल्या त्या दोन भाड्याच्या खोल्या आठवतात? सात वाजले की आई स्टोव्ह बंद करून भाताच्या पातेल्यावर ताटली ठेवते, आम्ही चटईवर बसतो. एक गीत, मग शास्त्रपाठ, मग तुमची प्रार्थना. आधी मंडळीतले आजारी, मग देशाचे पुढारी, मग विधवा आणि अनाथ. मग तुमचा आवाज एकदम खाली येतो: "आणि प्रभू, या घरात एक लेकरू आहे." कोण खोटं बोललं, कुणी साखर चोरून खाल्ली, आत्याबद्दल आई काय बोलली, सगळं तुम्ही देवाच्या कानावर घालायचात. मारलं असतं तर रडता आलं असतं. रागावला असतात तर उलट बोलता आलं असतं. प्रार्थनेला उलट उत्तर देता येत नाही, शेवटी फक्त आमेन म्हणायचं असतं. तेही मोठ्यानं, नाहीतर दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेत त्याचाही उल्लेख व्हायचा.

घरमालकीण आगरी होती, भिंतीपलीकडे राहायची. एकदा नळावर हंडा घासता घासता तिनं मला विचारलं, "तुजा बापूस रोज देवाशी बोलतो का तुज्याशी?" देवाशी, म्हटलं. ती हंडा उपडा करत म्हणाली, "देवाला सगलं ठावं नाय काय? मंग त्याला एवढं समजवून का सांगतो?" मला तेव्हा तिचा राग आला होता. आमच्या भक्तीतलं हिला काय कळणार, असं वाटलं होतं. पप्पा, तिला सगळं कळत होतं.

आठवीत असताना तुम्हाला माझ्या कंपासपेटीत चिठ्ठी सापडली. वर्गातल्या एका मुलानं लिहिलं होतं की तुझं अक्षर छान आहे, इतिहासाची वही देशील का. एवढंच. तुम्ही मला काही विचारलं नाही. त्या दिवशी आपल्याकडे घरसभा होती. पाळकसाहेब आले होते, मंडळीतल्या बायका आल्या होत्या. चहाच्या आधी तुम्ही प्रार्थना केलीत आणि आवाज खाली आणलात. त्या लेकराच्या पेटीत अभ्यासाऐवजी काय असतं, त्याचं मन कुठं भटकतं, हे प्रभूला सांगितलंत. समोरच्या मावशींनी एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं. माझे दोन्ही उघडेच होते, म्हणून मला दिसलं. आमेन झालं, बशीतली केळी फिरली, आणि मी मोरीत जाऊन ओकले. पाठीवरून हात फिरवत आई म्हणाली, त्यांनी हात तर उगारला नाही ना, मग एवढं काय. बाहेर तुम्ही पाहुण्यांना सांगत होता, पित्त झालंय तिला.

आणि दवाखान्यात तुम्ही अगदी वेगळे होता, हे मला जास्त झोंबतं. पनवेलच्या बाजारातल्या त्या दवाखान्यात तुम्ही कंपाउंडर. शाळा सुटली की मी तुमच्या बाकड्यावर येऊन बसायचे. बाटलीत औषध भरताना तुमचे ओठ किंचित हलायचे, पेशंटसाठी मनात प्रार्थना चालायची. एक कोकणी मुसलमान बाई यायची, नवरा आखातात होता, तिला काय दुखणं होतं ते तुम्ही आईलाही कधी सांगितलं नाहीत. ती गेल्यावर मी विचारलं, तिच्यासाठी काय मागितलंत. तुम्ही म्हणालात, "ते तिचं आणि देवाचं. आपण मधे नाव घ्यायचं नसतं." म्हणजे तुम्हाला येत होतं, पप्पा. परक्या बाईचं दुखणं तुम्ही ओठांआड ठेवत होता आणि पोटच्या पोरीचं चार माणसांत उघडं करत होता. तुम्हाला कळत नव्हतं असं म्हणून तुम्हाला सोडून द्यायचीही सोय नाही.

आता घरसभा आहेच, शिवाय मोबाइलवर मंडळीचा ग्रुप आहे. कुणाच्या सुनेचं पोट, कुणाच्या मुलाची दारू, सगळं "प्रार्थनेचा विषय" म्हणून येतं आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागते. मग दुपारभर फोन चालतात, नक्की झालं काय म्हणून. मी नाक मुरडते आणि सगळं वाचते.

तुमची नात, जिला तुम्ही मांडीवर घेऊन गीतं शिकवलीत, लग्नानंतर तीन वर्षांनी नाशिकहून परत आली. स्वयंपाकघरात माझ्यासमोर मेथी निवडत बसली होती. खाली बघतच म्हणाली की नवऱ्यानं दोनदा हात उचलला, आणि आता ती परत जाणार नाही. मग वर बघून म्हणाली, "मम्मी, हे कुणाला सांगू नकोस. प्रार्थनेतसुद्धा नाही." मी तिच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं.

तीन आठवडे मी तो शब्द पाळला. मग आमच्याकडे घरसभा आली. हॉलमध्ये आताचे पाळकसाहेब धरून अकरा माणसं, ती आत चहा ठेवत होती. मी प्रार्थनेला सुरुवात केली, आजारी लोक झाले, विधवा झाल्या, आणि माझा आवाज आपोआप खाली आला. "आणि प्रभू, या घरात एक लेकरू आहे." मला ते ऐकू आलं, पप्पा. तुमचाच सूर. मी तरीही थांबले नाही. तिला क्षमा करायला शिकव, म्हटलं. नवऱ्याच्या हातून चूक झाली असेल, तिचं मन मोठं कर, तिला तिच्या घरी परत ने. ती दहा पावलांवर उभी आहे हे मला माहीत होतं, आणि तिला ऐकू जावं म्हणूनच मी बोलत होते. लोक काय म्हणतील या धास्तीनं तीन आठवडे मला तिला परत जा म्हणायचं होतं आणि तोंड होत नव्हतं. ते मी देवाच्या नावावर खपवलं. अकरा जणांनी आमेन म्हटलं. आत गॅस बंद झाल्याचा आवाज आला. तिनं सगळ्यांना चहा दिला, कप हातात दिले, माझ्याकडे बघितलंही नाही.

पाळकसाहेबांनी प्रेमापोटी दुसऱ्याच दिवशी नाशिकला फोन लावला. चौथ्या दिवशी जावई तिकडच्या मंडळीतल्या दोन पंचांना घेऊन दारात, हातात पेढ्यांचा पुडा. एक पंच म्हणाले, बसा ताई, आधी प्रार्थना करू. पोरीनं एक बॅग उचलली आणि त्यांच्यामधून जिना उतरून गेली. मी पेढ्यांचा पुडा हातात घेऊन उभी होते. कसा घेतला तेही आठवत नाही.

ती आता उलव्यात राहते, ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर. माझा फोन उचलत नाही. मी गेल्या आठवड्यात तिथं गेले. रस्ता खणलेला, सगळीकडे सिमेंटची धूळ, अर्धी बिल्डिंग रिकामी. वॉचमननं वर कळवलं तेव्हा ती खाली आली, ओढणीही न घेता. लिफ्टच्या दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "मम्मी, प्रार्थना करायला आली असशील तर जा. मला काही सांगायचं असेल तर मला सांग."

रिक्षात मी वाक्य घोकत आले होते. माझं चुकलं, तू परत जाऊ नकोस. एवढंच. मी तोंड उघडलं आणि माझे डोळे मिटले. हात जोडले गेले. पप्पा, मी ठरवून केलं नाही, तुमची शपथ. तिच्या तोंडाकडे बघून ते म्हणणं मला जमेना आणि माझ्या तोंडून निघालं, "प्रभू, मी..." डोळे उघडले तेव्हा लिफ्टचं दार बंद होतं. वॉचमन माझ्याकडे बघत होता, आणि मग त्यानं अदबीनं नजर दुसरीकडे वळवली. इतकी स्वतःची शिसारी मला कधी आली नव्हती. चुकल्याची कबुलीसुद्धा मी तिसऱ्याच्या आड उभी राहून देणार होते.

काल तिनं तिच्या वडिलांना मेसेज केला. रविवारी दहाला येईन, तुम्ही चर्चमध्ये असाल तेव्हा, कपडे आणि सर्टिफिकेटं न्यायला. किल्ली तिच्याकडे आहे. मी हे लिहायला बसले ते तुमच्यावरचा राग काढायला, असं मघापर्यंत मला वाटत होतं. खरं सांगायचं तर मनात होतं की पत्र पुरं करून याच टेबलावर उघडं ठेवावं आणि चर्चला निघून जावं. तिला दिसेल, ती वाचेल, आईला किती पश्चात्ताप झालाय ते तिला कळेल, आणि मला तिच्यासमोर उभं राहावं लागणार नाही. तुमच्याशी बोलते असं दाखवून तिला ऐकवायचं.

हे तिच्या हाती पडू द्यायचं नाही. दुसरी प्रत करणार नाही, फाडून टाकते. रविवारी मी चर्चला जाणार नाही. ती दार उघडेल तेव्हा मी घरात असेन, आणि डोळे उघडे ठेवून तिच्याशी काय बोलायचं ते मला अजून ठाऊक नाही.