पंपघरातली खोडलेली ओळ

बाबा, आज कामावर साहेबांशी माझं वाजलं आणि तेव्हापासून पवनारचं आपलं पंपघर डोळ्यांसमोरून हलत नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी शिकत होते, म्हणून आधी माझं काम सांगते. बोरगाव मेघेच्या घरी बसून मी एका कंपनीच्या डेटाबेसचं डॉक्युमेंटेशन तपासते. आपल्या प्रोग्रामनं डेटाबेसशी कसं बोलायचं, ते त्यात वाचून लोक कोड लिहितात. त्यात एक ओळ होती, कनेक्शन बंद केलं की बदल आपोआप सेव्ह होतात. होत नाहीत. सेव्हचा आदेश आधी द्यावा लागतो, नाहीतर सगळं जातं. त्या ओळीवर विसंबलेल्या एका दवाखान्याच्या पेशंटांच्या नोंदी गेल्या. साहेब म्हणाले, गुपचूप बदलून टाक, बोभाटा नको. माझं डोकंच फिरलं.

मला काकांच्या हातून जळलेली मोटर आठवली. विहीर आपली आणि त्यांची सामायिक, म्हणून मोटर कशी सुरू करायची ते तुम्ही काळ्या ऑइलपेंटनं भिंतीवर लिहिलं होतं. आधी पाइपात पाणी भरायचं, मग बटन दाबायचं, हे तुमचे हात रोज बिनचूक करायचे, पण लिहिलंत नेमकं उलटं. काकांनी वाचलं तसं केलं आणि मोटर कोरडी फिरून जळली. वांग्याची रोपं माना टाकून उभी. आई रॉकेलचा बोळा घेऊन येते, पुसून टाका म्हणते. तुम्ही तिचा हात धरता.

"पुसून टाकलं त ज्यानं वाचलं त्याले कसं मालूम पडन, का हे चूक होतं? राहू दे, दिसू दे."

तुम्ही त्या ओळीवर आडवी रेघ मारलीत, खाली बरोबर लिहिलंत आणि विहिरीवर येणाऱ्या प्रत्येकाच्या घरी जाऊन सांगितलंत. काका काही दिवस फुगून होते, मग चहाला आले.

मीही आज तेच केलं. चुकीची ओळ खोडून तशीच ठेवली, खाली बरोबर लिहिलं, आणि वर ठळक सूचना दिली की हे वाचून कोड लिहिला असेल तर तपासा. पुसायचंच असेल तर दुसरं माणूस बघा, असंही सुनावलं. साहेब कुरकुरले, पण संध्याकाळी पान वेबसाइटवर तसंच चढलं. तुम्ही असता तर खूप बरं वाटलं असतं.

हे पत्र कुठे टाकणार, इथेच राहील. विहिरीत आता पाण्यातली मोटर आहे, तिच्या पाइपात पाणी भरावं लागत नाही. यंदा रंगारी आला तेव्हा मी भिंतीचा तेवढा तुकडा सोडायला लावला. "काऊन वं?" भावानं विचारलं. लोकांना चूक कळावी म्हणून, असं मी त्याला ऐटीत सांगितलं. खरं म्हणजे, बाबा, तुमचं अक्षर आता फक्त तिथंच उरलंय.