चन्नबसप्पा काकांचा गुडघा आणि तनुजाची परेड

ता. देगलूर, जि. नांदेड

तीर्थस्वरूप तुळजाआक्कास धाकट्या व्यंकटीचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (पाया पडतो असं लिहिणार होतो, पण दीड वर्षापूर्वी तुझ्या लातूरच्या घरातून पाणीसुद्धा न पिता निघालो होतो, तेव्हा पाया समोर येऊनच पडावं हे बरं.) तुझी शुगर काय म्हणते? दाजींचा खोकला थांबला का? इकडे तुझी भावजय नागुबाई ठीक आहे, पिठाची गिरणी ठीक चालली आहे, म्हैस तर आम्हा सगळ्यांपेक्षा ठीक आहे. माझं विचारशील तर खाणंपिणं व्यवस्थित आहे, फक्त तोंड दाखवायला जागा नाही.

फोन का केला नाहीस, म्हणशील. आक्का, फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि बोलू दिलंस तर मी खोटं बोलतो. कागदावर खोटं लिहायला वेळ लागतो, तेवढ्यात माणसाला लाज वाटते.

विशेष असं, की आपल्या तनुजाचं ट्रेनिंग संपत आलं. पुढच्या महिन्यात बारा तारखेला बेंगलोरला तिची कसम परेड आहे. पोरी झेंड्यासमोर शपथ घेतात आणि त्या दिवसापासून पक्क्या शिपाई होतात. घरच्या माणसांना बघायला बोलावतात. तर बेत असा, की नागुबाईला घेऊन मी दहा तारखेला तुझ्याकडे येतो आणि लातूरहून आपण तिघं रेल्वेने जाऊ. नागुबाईने धपाट्यांचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि तुपाची बरणी आत्तापासून काढून ठेवली आहे. (मिलिटरीत जेवायला देतात, हे मी तिला तीनदा सांगितलं. तूप देत नसतील, म्हणाली.) मी पांढरा सदरा शिवायला टाकलाय. कुठं निघालात, असं शिंप्याने विचारलं आणि मी सांगायच्या आतच दुकानातली माणसं हसली. ती का हसली, हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच लिहितो.

तुला माहीत आहे तेवढं आधी उरकतो. तनुजाने मिलिटरीचं नाव काढलं तेव्हा मी नाही म्हटलं. तिचे पळायचे बूट गिरणीत कोंड्याच्या पोत्यात लपवले. ती चार दिवस अनवाणी पळाली आणि पाचव्या दिवशी एसटीने तुझ्याकडे आली. तू नवे बूट घेऊन दिलेस, रोज उजाडताच मैदानाच्या कडेला चहाचा थर्मास घेऊन बसलीस, आणि मी येऊन दाजींच्या देखत तुला म्हणालो की माझी पोर तू बिघडवलीस. आता माहीत नाही ते ऐक. तिची निवड झाली, ती गेली, आणि गावात काय सांगावं हे मला सुचेना. बिलोलीचं एक चांगलं स्थळ जवळजवळ ठरत आलं होतं. पोरगी बंदूक शिकायला गेली, हे भाऊबंदांना कसं सांगू? गिरणीत कुणीतरी दळण ठेवता ठेवता विचारलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की तनुजा हैदराबादला नर्सिंगच्या कोर्सला आहे.

एवढ्यावर भागलं असतं. पण शेजारचे चन्नबसप्पा काका गुडघा धरून आले आणि म्हणाले, पोरीला जरा फोन लाव. मी गिरणी चालू केली (पट्ट्याच्या आवाजात कुणाला काही ऐकू येत नाही, ही या धंद्यातली एकच सोय), फोन कानाला लावला, मान चार वेळा हलवली आणि सांगितलं, की मिठाच्या गरम पाण्याने सकाळ-संध्याकाळ शेका. आक्का, माझ्या दुर्दैवाने गुडघा बरा वाटायला लागला. मग रांगच लागली. कुणाचं आम्लपित्त, कुणाच्या सुनेची चक्कर. एक गृहस्थ तर एक्स-रे घेऊन आले. तो मी दाराच्या उजेडात धरला आणि आतली हाडं फोनवर मोजून सांगितली. औषधाचं नाव मात्र मी कधी घेतलं नाही, गरम पाण्याच्या पुढे गेलो नाही, एवढी तरी अक्कल होती. नागुबाई पीठ चाळता चाळता नुसती माझ्याकडे बघायची.

गेल्या महिन्यात तनुजाच्या कागदांची चौकशी करायला ठाण्यातून हवालदार आला. तो रीतीप्रमाणे आधी पोलीस पाटलांकडे गेला. आपले श्रीमंत पाटील इमानदार माणूस. त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, की या गावची एकही पोर मिलिटरीत नाही, व्यंकटीची तनुजा हैदराबादला नर्स व्हायला गेली आहे. हवालदार गोंधळला. हे असंच कागदावर गेलं तर पोरीची सगळी मेहनत वाया जाणार, म्हणून खात्री करायला दोघं गिरणीत आले. आणि नेमकी त्याच वेळी लाईट गेली. पट्टा थांबला. पंधरा-वीस माणसं आपापल्या पोत्यांवर बसलेली, आणि गिरणी इतकी चूप मी तीस वर्षांत ऐकली नव्हती. हवालदाराने पेन काढून विचारलं, पोरगी करते काय?

मी म्हणालो, "साहेब, मिलिटरीतच हाय. नर्सिंगचं मी सांगितलो. खोटं सांगितलो."

मग मागून चन्नबसप्पा काकांचा आवाज आला, "मंग माझ्या गुडघ्याला कोण सांगितलं?"

त्या दिवसापासून मला गावात नर्सबाई म्हणतात. तोंडावर पीठ होतं म्हणून कुणाला दिसलं नाही, पण मी रडलो, आक्का. हसले म्हणून नाही. पाटलांनी पोरीचं नाव नीट लिहून घ्यायला सांगितलं, तिथं बसलेली माणसं शाब्बास म्हणाली, म्हाताऱ्या दानम्मा काकूंनी तर तिथूनच हवेत तिची दृष्ट काढली. जे लपवायला मी वर्षभर मेलो, ते ऐकून एकाही माणसाने नाक मुरडलं नाही. लाज गावाला वाटणारच नव्हती. ती सगळी माझ्याच घरची होती.

असो. दाजींना नमस्कार सांग. तू रागावली आहेस हे धरूनच लिहिलं आहे, तेव्हा राग सवडीने काढ.

तुझा,
व्यंकटी

ता. क. चपला नको, बूट घाल. तिथं चालणं फार असतं म्हणे.

ता. क. दुसरा. वर "आपण तिघं" लिहिलंय ते खरं नाही. घरटी दोनच पास मिळतात. तनुजाने दोन नावं दिली आहेत, आईचं आणि तुझं. परवा रविवारी तिचा फोन आला तेव्हा मी विचारलं, माझं? तर अगदी हळू म्हणाली, "बाबा, तुमी आलाव तर गावात काय सांगनार? तुमाला अवघड नको म्हनून न्हाई दिले." तिला पहिल्यापासून माहीत होतं. मागे एकदा दानम्मा काकूंनी नागुबाईच्या हातातून फोन घेऊन तिला खोकल्याचं विचारलं होतं, आणि माझं खोटं सांभाळायला पोरगी म्हणाली होती, गरम पाणी घ्या काकू. रागावली असती तर मी सहन केलं असतं. गिरणीतली गोष्ट तिला सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिची फोनची वेळ संपली. (संपली नसती तरी सांगितली असती का, देव जाणे.) येत्या रविवारी ती तुला फोन करील. गावाला आता सगळं माहीत आहे, बापाने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, एवढं तिला सांग. पाससाठी रदबदली करू नकोस. तुमच्या पिशव्या सांभाळत मी फाटकाबाहेर बसेन. परेड झाल्यावर तिला एकदा फाटकापर्यंत घेऊन ये. कोंड्यातले बूट मी धुऊन ठेवलेत, ते सोबत आणतो.

ता. क. तिसरा. हे पत्र टाकायला निघालो तर वाटेत चन्नबसप्पा काका भेटले. अजून शेकतातच. म्हणाले, बेंगलोरला चाललास तर पोरीला विचारून ये, मीठ आता बंद करू का? मी हो म्हणून बसलोय. आक्का, या वेळी खरंच विचारावं लागणार.