नळाचा आवाज

प्रिय वन्सं,

हे पत्र मी टाकणार नाही, म्हणून खरं लिहिते.

मी न्हाणीघरात नळ सोडून प्रार्थना करायचे, कारण बाहेर ओठ हलले की मामंजी हसायचे. पण तेही त्यांना कळलंच. "काय सूनबाई, लागली का देवाची लाइन? पाण्याचं बिल त्यालाच पाठव!" जेवताना सगळे खो खो हसायचे, तुमचे भाऊसुद्धा. मी खाली मान घालून वाढत राहायचे.

आता अर्धांगवायूने मामंजींची वाचा गेली. त्यांना अंघोळ मीच घालते, त्याच न्हाणीघरात. नळ सुरू झाला की सवयीने माझे ओठ हलतात आणि ते टक लावून बघतात. त्यांना हसता येत नाही, उठून जाताही येत नाही. पडलेल्या माणसावर आपण देव लादतोय, असं वाटून माझी मलाच लाज वाटली. म्हणून आज बादली आधीच भरून ठेवली, नळ बंद केला आणि मुकाट्याने त्यांची पाठ चोळली.

तर त्यांनी चांगला हात पुढे केला, नळ पूर्ण सोडला आणि माझ्या तोंडाकडे बघत बसले.

वन्सं, ती थट्टा होती की विनवणी, देवाशपथ मला कळलं नाही. इतक्या वर्षांची तोंडपाठ प्रार्थना, पण एक शब्द फुटेना. भरलेली बादली ओसंडून वाहत राहिली.

देवाला नुसतं पाणीच ऐकू गेलं असेल. त्यावरून त्यानेच काय ते समजून घ्यावं. माझ्या हातात दुसरं काही नाही.

तुमची,
वहिनी