आठ महिन्यांच्या अंधाराचं बिल

बेनिन सिटी, गुरुवार

आदरणीय ओसारोबोदादा,

धाकट्याचा दोन्ही गुडघे टेकून नमस्कार. कानोच्या उन्हात तब्येत कशी आहे? वहिनींची कंबर आता बरी असावी. रक्तदाब रोज तपासत जा, हे पत्र वाचल्यावर तर जरूर तपासा.

आम्ही सगळे ठीक आहोत, फक्त वीज नाही. गल्लीच्या तोंडाचा ट्रान्सफॉर्मर फेब्रुवारीत मोठा आवाज करून गेला तो गेलाच. आता ऑक्टोबर उजाडला, पण बिल एकदाही चुकलं नाही. मीटर आपल्याकडे नाही (अर्ज केला त्याला सहा वर्षं झाली), म्हणून कंपनीचा माणूस फाटकाबाहेर उभा राहून अंदाज बांधतो. छपरावर डिश दिसली की टीव्ही धरतो, खिडक्या मोजून पंखे धरतो. या महिन्यात त्याने अठ्ठेचाळीस हजार नायरा धरले. आमच्या सौ. इटोहानचा फ्रीजरमधल्या माशांचा धंदा बसला तो बसलाच, वर हे. ती म्हणाली, "मासे नासले माझे आणि बिलही मीच भरू? ते रद्द करून या, तोवर या घरात सूप शिजणार नाही." नवव्या दिवशीही मी भाजलेल्या केळ्यावर आहे.

मंगळवारी गॉडविन नावाचा कंपनीचा लाइनमन शिडी घेऊन आला. बिल थकलं म्हणून आपली तार तोडायला! मी म्हटलं, "बाबा रे, नसलेली वीज तू तोडणार कशी?" तो म्हणाला, "काका, मला वरून हुकूम आहे," आणि खांबावर चढला. आपल्या गल्लीची रीत तुम्हाला ठाऊकच आहे, तार तोडायला येणाऱ्याची शिडी जप्त होते. एरवी तो चढायच्या आधी होते, पण या वेळी समोरच्या फेथमावशींना घरातून यायला उशीर झाला (गुडघे!), त्यामुळे शिडी खाली आणि गॉडविन वर राहिला. पाऊण तास तो बिचारा एका हाताने घाम पुसत आणि दुसऱ्या हाताने आपली उघडी तार धरून बसला होता. तेव्हा माझी ट्यूब पेटली. मी ओरडलो, "बेटा, तार धरून बसलायस आणि अजून जिवंत आहेस! एवढंच लिहून दे, लगेच उतरवतो." बिल आणि पेन बांबूला बांधून वर पोचवलं. त्याने बिलाच्या पाठीवर लिहिलं, 'तारेत वीज नाही. मी स्वतः धरून पाहिली,' आणि सही ठोकली. उतरल्यावर त्याने माझ्यातलं अर्धं केळं खाल्लं.

तो दाखला घेऊन मी बिलाच्या कचेरीत गेलो. तिथल्या बाईंनी तो तीनदा वाचला आणि म्हणाल्या, "हातमोज्यांशिवाय तार धरली? या माणसावर कारवाई होईल." मी कागद त्यांच्या हातून ओढून खिशात घातला. (गॉडविनला तीन लहान मुली आहेत. आपल्या बिलापायी त्याची नोकरी जाणं मला सोसलं नसतं.) मग बाई म्हणाल्या, "शिवाय तक्रार ग्राहकानेच करायची असते. तुम्ही ग्राहक आहात का?" मी नव्हतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक,
नोसाखारे

ता. क. ग्राहक तुम्ही आहात. घर बांधताना जोडणी तुमच्याच नावावर घेतली होती.

आणखी ता. क. बाई मनाने चांगल्या. त्यांनी दुसरा फॉर्म काढून दिला. थकबाकी पुसायला त्यावर दोनच कारणं छापली आहेत: घर पाडलं किंवा ग्राहक वारला. घर पाडलं म्हणावं तर कंपनीचा माणूस दर महिन्याला खिडक्या मोजून जातो. बाईंनी उभं राहून दुःख व्यक्त केलं. दादा, खरं सांगतो, मलाही रडू आवरेना.

शेवटचं ता. क. फॉर्मला पुरावा म्हणून भिंतीवर चिकटवतात ते निधनाचं पोस्टर चालतं, पण रंगीत हवं. वय मी एकाहत्तर सांगितलं आहे. (सत्तरीच्या आत गेलेल्याची लोक हळहळ करत बसतात. त्यापुढच्याच्या अंत्यविधीला येऊन जेवतात आणि आनंदाने घरी जातात. तरी सात वर्षं वाढवल्याचा राग मानू नये.) छापखानेवाला सोमवारपर्यंत थांबणार आहे, तेव्हा आपला एक फोटो ताबडतोब पाठवावा. पांढऱ्या झग्यातला, पोवळ्यांच्या माळा घातलेला असावा आणि फार हसू नये.