मिंगेलबाबांचं बोट

रवि. १२ जाने. २०२५

सकाळी निगडी. मिंगेलबाबांकडे पोर्तुगीज वाचन. जेमतेम दोन पानं झाली. दोष माझा नाही, त्यांच्या बोटाचा. आमचं ठरलेलं आहे: पुस्तक त्यांच्या उजव्या हातात, मी शेजारी बसून मोठ्यानं वाचायचं, उच्चार चुकला की त्यांच्या डाव्या हाताची तर्जनी वर. बरोबर म्हटल्याशिवाय ती खाली येत नाही. आज एका वाक्यावर इतका वेळ वर राहिली की त्यांची मुलगी लूर्दिन चहा घेऊन आली ती म्हणाली, "पप्पा, सिग्नल लागलाय का?"

"स्वर गिळ, इन्स्पेक्टर. तू भाकरीसारखे चावत बसतोस."

म्हटलं, मी छापलंय तसं वाचतो.

"छापल्यासारखं कोण बोलतं? तू मराठी बोलतोस छापल्यासारखी?"

लूर्दिन माझ्याकडे बघत म्हणाली, "बोलतात की. भाऊ तसेच बोलतात." दोघं बापलेक हसले. हसू देत.

एक क्रियापद त्यांनी चुकीचं सांगितलं. मी व्याकरण काढून दाखवलं. "माझी आई असंच म्हणायची," झालं, निकाल. त्यांच्या मडगावच्या घरात आई मुलांशी फक्त पोर्तुगीज बोलायची, कोंकणी ते गल्लीत शिकले. आईला व्याकरण लागू नसतं, हे नोंदवून ठेवतो.

संध्याकाळी वाचनालयाच्या चिटणिसांचा फोन. त्या इटालियन लेखकाचं चरित्र कधी देताय? आणि वर, "इटलीतला माणूस जन्मभर पोर्तुगीजच्या नादी का लागला हो?" काय सांगणार. चाकणला मी क्वालिटी इन्स्पेक्टर आहे त्या कंपनीत इटालियन ग्राइंडिंग मशीन आलं, ते उभं करायला तिकडचे फिटर आले, त्यांच्याशी बोलायला मी इटालियन शिकलो. क्लास नाही, सर नाहीत. त्यातला एक जण गेस्ट हाउसवर कादंबरी विसरून गेला. ती ह्या लेखकाची. ह्यानं पोर्तुगीज शिकवली, पोर्तुगीज कवी इटालियनमध्ये आणले, आणि उतारवयात एक बारकं पुस्तक थेट पोर्तुगीजमध्येच लिहिलं. त्याच्या मागे मी. मला तरी कुठे कुणी विचारलंय का लागलास म्हणून. बायको, सु., विचारते, पण वेगळ्या आवाजात.

शेवटचं प्रकरण त्या बारक्या पुस्तकावर. तेच राहिलंय. त्यात एक तपशील घातला आहे: लिस्बनच्या दुकानात तो पोर्तुगीज बोलला की दुकानदार इंग्रजीत उत्तर द्यायचे. मी खाली लिहिलं, "दुकानदारांना काय कळतं." वाक्य चांगलं उतरलंय.

मंगळ. १४ जाने.

संक्रांत. कंपनीत तिळगूळ वाटला. मोबाइल लॉकरमध्ये असतो. शिफ्ट सुटल्यावर बघतो तर लूर्दिनचे फोनच फोन.

मिंगेलबाबांना सकाळी अर्धांगवायूचा झटका. उजवी बाजू गेली. आयसीयूत आहेत. काचेतून पाहिलं. डोळे उघडे होते, पण कुठेतरी भलतीकडे.

सु.नं दिलेली तिळगुळाची डबी तशीच परत आणली.

गुरु. १६ जाने.

वॉर्डात हलवलं. लूर्दिनचा फोन, "भाऊ, लगेच या. पप्पा बोलायला लागलेत, पण मला कळत नाहीये. मराठी नाही, कोंकणी नाही, इंग्लिश नाही. त्यांची ती भाषा बोलतायत."

डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. मेंदूतली कुठली भाषा उरेल ते आधी सांगता येत नाही. मिंगेलबाबांची उरली ती आईची, पोर्तुगीज. बायकोला ती येत नव्हती, मुलीला शिकवली नाही. "पिंपरीत काय उपयोग?" हे त्यांचंच वाक्य.

मी हाफ डे टाकून गेलो. रिक्षात बसून काय काय विचारायचं त्याची मनात जुळवाजुळव केली. खोटं कशाला, छाती थोडी फुगली होती. सगळ्या शहरात तुम्हीच, असं लूर्दिन म्हणाली होती.

ते बोलले. माझ्याकडे बघून बरंच बोलले. तोंड एका बाजूला ओढलेलं, शब्द ओले, एकात एक गेलेले. मला एक अक्षर कळलं नाही.

लूर्दिन, सिस्टर, वॉर्डबॉय, शेजारच्या बेडचे नातेवाईक, सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत.

"काय म्हणाले पप्पा?"

खिडकीतून उन्हाची तिरीप त्यांच्या तोंडावर येत होती. म्हटलं, "पडदा ओढा म्हणतात."

ओढला. मिंगेलबाब पडद्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. शेजारच्या बेडची बाई म्हणाली, "किती शिकलेला माणूस."

शुक्र. १७ जाने.

कामात लक्ष नाही. मशीनवरच्या साळुंकेनं पकडलं. प्लग गेजला दोन टोकं असतात, एक भोकात जायलाच पाहिजे, दुसरं जाताच कामा नये. आज मी एकच टोक घालून पार्ट ओके केला. साळुंके म्हणाला, "काय राव, अर्धंच बघून पास करताय? आम्ही केलं असतं तर आठवडाभर ऐकवलं असतंत."

ऐकवलं असतं. खरं आहे.

लूर्दिननं त्यांचं बोलणं मोबाइलवर टिपून पाठवलं. कँटीनच्या मागे उभा राहून कानाला लावलं. हळू करून ऐकलं. हळू केलं तर हुंकार, जलद केलं तर हुंकार. तिनं कुठलं तरी भाषांतराचं ॲपही लावून पाहिलं. ते म्हणालं, "घोडा मंगळवारी गोड आहे." ती हसली आणि मग फोन ठेवला.

मडगावला त्यांची एक मावशी उरली आहे. तिला पोर्तुगीज येते. ऐकू येत नाही.

रवि. १९ जाने.

वाचनाचा वार. हॉस्पिटलात गेलो, हात हलवत. आज चर्चचे फादर आले होते. कोंकणीत प्रार्थना केली. मिंगेलबाब भिंतीकडे तोंड करून पडले होते.

नाकात नळी घातलीय. गिळता येत नाही, तोंडानं दिलं तर अन्न फुप्फुसात जाईल म्हणतात. मला "स्वर गिळ" म्हणून ओरडणारा माणूस.

लूर्दिन सांगत होती, पडदा पूर्ण ओढलेला ठेवलाय, पप्पांना ऊन आवडत नाही ना. मी "हं" म्हटलं.

ते दिवसभर पडद्याकडे बघतात, असंही म्हणाली.

मंगळ. २१ जाने.

मिंगेलबाबांनी नळी उपटली. कालही उपटली होती. आता हात बांधायचा की काय असं चाललंय.

डॉक्टरांनी लूर्दिनला बसवून सांगितलं. मीही होतो. एक, पोटाला छोटं भोक पाडून तिथून कायमची नळी. दोन, नळी नको, चमच्यानं थोडं थोडं तोंडानं द्यायचं आणि न्युमोनियाचा धोका पत्करायचा. "काही माणसांना तशी नळी नको असते. तो त्यांचा हक्क आहे. त्यांना बरंच समजतंय असं मला वाटतं. त्यांनाच विचारा ना, तुमच्याकडे भाषा येणारे आहेत."

लूर्दिन म्हणाली, मान हलवून सांगतील की. डॉक्टरांनी करून दाखवलं. "तुम्ही या हॉस्पिटलचे मालक का?" मिंगेलबाबांनी मान हलवली, हो. "मी मालक का?" हो. मान सगळ्यालाच हलते.

"भाऊ, तुम्ही विचारा. ते सांगतील तसं करू. मी माझ्या मनानं काही करणार नाही. नंतर जन्मभर..."  तिचा नवरा आखातात आहे, भाऊ-बहीण नाही. ती आणि मी.

बुध. २२ जाने.

प्रश्न तयार केला. लहान, सरळ. आदरार्थी रूप, क्रियापद तपासलं, दोन्ही व्याकरणांत पाहिलं. लिखाणात एक चूक काढून दाखवावी कुणी.

सु.पुढे म्हणून पाहिला. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "छान आहे. पण अहो, ते काय बोलतील ते कळेल का तुम्हाला?"

म्हटलं, प्रश्न बरोबर असला की उत्तर कळतं.

"परवा पडद्याचं कळलं तसं?"

तिला मी पडदा ओढवला एवढंच सांगितलंय, अंदाजाचं नाही. कसं कळतं हिला.

रात्री जेवणाआधी शेवटचं प्रकरण काढलं. "दुकानदारांना काय कळतं" खोडलं. त्या जागी काही सुचलं नाही. त्या माणसानं जन्म घालवला त्या भाषेत, आणि पाव मागितला तर समोरचा... ह्यापुढे काय लिहायचं असतं.

गुरु. २३ जाने.

विचारलं. डॉक्टर, लूर्दिन, सिस्टर उभे. मी वाकून, एकेक अक्षर स्पष्ट.

मिंगेलबाबांनी ऐकलं. मग बोलायला लागले. थांबेनात. डोळ्यांतून पाणी आलं, मधे एकदा हसल्यासारखं केलं, पुन्हा बोलले. इतकं सगळं. कुणीतरी आपल्यापुढे घर रिकामं करत आहे आणि आपल्याकडे एक पिशवीसुद्धा नाही, तसं वाटलं.

"काय म्हणाले?"

जीभ पडद्याच्या वेळेसारखी वळवळली. "नको म्हणाले" म्हणता आलं असतं. "हो म्हणाले" पण. कुणी तपासणार नव्हतं.

म्हटलं, "मला कळलं नाही."

"म्हणजे? थोडं तरी?"

"काहीच नाही. त्या दिवशी पडद्याचंही कळलं नव्हतं. अंदाजानं सांगितलं."

डॉक्टर खाली बघायला लागले. लूर्दिननं माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही. रागानं चाललं असतं.

"मग भाऊ, इतके रविवार तुम्ही दोघं करत काय होता?"

"वाचत होतो."

तिनं जाऊन पडदा उघडला. बाहेर नुसती पार्किंगची शेड आणि एक गुलमोहर. मिंगेलबाब त्याच्याकडे बघत राहिले. मी निघालो तेव्हाही बघत होते.

शनि. २५ जाने.

काल गेलो नाही. आजही नाही. तोंड कुठलं न्यायचं.

मी त्यांच्याकडून बोलणं शिकलोच नाही. पुस्तक उघडं असलं की मी शेर. ते पुस्तक मिटून गप्पा मारायला लागायचे, पोर्तुगीजमध्ये, चहाच्या वेळी, तेव्हा मी म्हणायचो, "मिंगेलबाब, मराठीत बोला, वेळ जातो." आणि ते बोलायचे. माझ्यासाठी.

लूर्दिनचा मेसेज: "सोमवारी सकाळी डॉक्टरांना सांगायचं आहे. उद्या रविवार आहे. या."

तेवढंच. सु.नं पुस्तक पिशवीत घालून पिशवी दाराला अडकवून ठेवली. मी सांगितलं नव्हतं.

रवि. २६ जाने.

गेलो. वाटेत कंपन्यांच्या गेटवर झेंडे, गाणी. वॉर्डात शांत होतं.

पुस्तक त्यांचा उजवा हात असतो तिथं धरलं. तो हात खाली नुसता पडलेला. १२ तारखेला अडकलो होतो त्याच वाक्यापासून सुरू केलं.

डावी तर्जनी वर.

लूर्दिन दारातच थांबली. मी पुन्हा वाचलं. बोट वरच. स्वर गिळला. आणखी गिळला. बोट खाली.

पुढचं वाक्य. वर. खाली. वर. चांगलं पान झालं. झटक्यानंतर पहिल्यांदाच ते नुसते माझ्याकडे बघत नव्हते, मला ओळखत होते. लूर्दिन शेजारी येऊन बसली होती, तोंडावर ओढणी धरून. हळूच म्हणाली, "आता विचारा, भाऊ."

पुस्तक मिटलं नाही. तसंच धरून, वाचल्यासारखं विचारलं. पोटातून नळी घालायची का?

बोट वर.

लूर्दिनचा हात माझ्या दंडावर. "नको म्हणतात. हो ना? नको."

मीही तेच धरलं होतं, क्षणभर. मग साळुंके आठवला. दुसरं टोक. उलटा प्रश्न विचारला: नळी नको ना?

बोट वर.

तिचा हात गळाला. उत्तर नव्हतं ते. माझे स्वर चुकत होते.

पुन्हा पहिला प्रश्न. वर. पुन्हा. वर. त्यांचे ओठ अर्ध्या बाजूनं माझ्याबरोबर हलायला लागले, मला दाखवत. नळीचा शब्द मी चावत होतो. गिळला. वर. ते थकले होते, पण सोडेनात, मीही सोडेना. किती वेळा ते मोजलं नाही. आणि मग एकदा वाक्य माझ्या तोंडातून असं गेलं की माझं वाटलंच नाही.

बोट खाली आलं. चादरीवर. चेहऱ्यावर वाचन चांगलं झालं की असतो तसला तृप्तपणा. डोळे मिटले.

वाट बघितली. झोपले होते.

"काय म्हणाले?" लूर्दिननं विचारलं. नेमकं तेच, गुरुवारसारखं.

"प्रश्न बरोबर आला म्हणाले."

ती उठली. पडद्याकडे गेली, होता त्याहून थोडा जास्त उघडला. मग पाठमोरीच म्हणाली, "उद्या डॉक्टरांच्या आधी या. आता बरोबर येतोय तर परत विचारा."

आणि उत्तर दिलंच त्यांनी, तर ते मला कळेल का?  

पुस्तक त्यांच्या उजव्या हाताखाली ठेवून आलो. बसमध्ये वाक्य म्हणत होतो, जाऊ नये म्हणून. शेजारचा माणूस उठून दुसरीकडे बसला. घरी सु.ला म्हणून दाखवलं. ऐकून घेतलं, मग म्हणाली, "आज वेगळं वाटलं. खरं कुणीतरी विचारतंय असं."

उद्याची रजा टाकली आहे.