चुचकारणे

४ नोव्हेंबर, सोमवार
आज शब्दकोशाच्या कामात वाट्याला आलं एक अडगळीतलं इंग्रजी क्रियापद — 'अकॉय'. शांत करणे. कुणाच्या वापरात नाही, तरी नोंदीचं कार्ड करायचंच! संपादक म्हणाले, "दोन ओळींत उरका." लिहिलं — शांत करणे, समजूत घालणे, चुचकारणे. वीस वर्षं हेच करतेय, आता पाठ दुखायला लागलीय.

जेवणाच्या सुट्टीत धाकट्या बहिणीचा फोन. त्या वेळी तिचा नवरा कामावर असतो. सकाळी त्यानं चहाचा एक घोट घेतला आणि तिच्यादेखत कप बेसिनमध्ये रिकामा केला. ही हमसून हमसून रडत होती. म्हटलं, "अगं, तिरसट आहे जरा. चार दिवस गप्प राहा, निवळेल." थांबली रडायची. माझा डबा तसाच राहिला.

५ नोव्हेंबर
पुन्हा फोन. पुन्हा तेच. मीही पुन्हा तेच.

७ नोव्हेंबर, गुरुवार
त्यानं तिला पोहणं शिकवायची नोकरी सोडायला लावली. तलावावर पुरुष येतात म्हणून! आणि माझ्या तोंडून काय निघावं? "जाऊ दे, घरात शांतता तरी राहील." ती म्हणाली, "हो ताई." खरं लिहायचं तर मला हायसं वाटलं. रोज तिचं रडं ऐकून काम होत नाही माझ्याच्यानं. थकले मी.

११ नोव्हेंबर, सोमवार
कार्ड परत! वर लाल शाईत — 'दुसरा अर्थ राहिला.' जुने कोश काढले, शिंकून शिंकून जीव गेला. आहे खरा दुसरा अर्थ — नमवणे, रग जिरवणे. एकाच शब्दाला!

शेजारच्या टेबलावर स्वल्पविराम बसतात. बोलता बोलता थबकतात म्हणून हे नाव, मीच ठेवलेलं. त्यांचे वडील घोडे तयार करायचे. विचारलं, हे दोन अर्थ एकत्र नांदतात कसे?

"त्यात काय... नवं जनावर आधी... थोपटायचं. ते मान खाली घालतं. मग दुसऱ्यानं... लगाम चढवायचा."

"दुसऱ्यानं?"

"एकट्याचं काम नाही हो ते."

मान खाली घालून कार्डाकडे बघत बसले.

१२ नोव्हेंबर
थोपटणारी मी! आठ दिवस झाले, मीच तिला गप्प करतेय. लाज वाटते. आज ठरवलं होतं, स्पष्ट सांगायचं — निघून ये. फोन आला आणि जीभ रेटेना. बहिणीचा संसार मोडायला मीच सांगू? आणि ठेवू कुठे, या दीड खोलीत? म्हटलं, "उद्या बोलू हं, शहाणी ना तू!" शी! पुन्हा चुचकारलंच.

१३ नोव्हेंबर, बुधवार
दुपारी तिचा फोन नाही. मीच केला. आवाज अगदी सपाट. "छान आहे गं मी. हा हल्ली बाहेरून कुलूप लावून जातो. आधी भीती वाटायची, आता त्याचंही काही वाटत नाही. तुझं खरं होतं ताई, गप्प राहिलं की निवळतं."

टॅक्सीत लिहितेय. शेजारी कुलूपवाला बसलाय.